बडे बाबूंचा वशिला

आमच्या रायपुरात कुठलंही काम निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पोराची शाळा असो, गॅसचं सिलिंडर असो, नाहीतर पंडरीच्या कापडबाजारात लग्नाचा बस्ता घ्यायचा असो, ऐकणारा आधी विचारतो, "वहाँ आपका कोई है क्या?" आपण नाही म्हटलं की तो आपल्याकडे अशा काही नजरेनं बघतो की आपल्याला आईबाप, घरदार काहीच नाही असं वाटावं. हिंदीत याला पहचान म्हणतात. जरा वरच्या पगारातले लोक सोर्स म्हणतात. आम्ही विदर्भातून इकडे येऊन पडलेली माणसं मात्र अजून आपला जुना शब्द धरून आहोत, वशिला. शेजाऱ्याचं काम झालं तर तो वशिल्याचं तट्टू, आणि आपलं झालं तर काय, ओळख होती म्हणून झालं. मीही असंच बोलते, उगाच खोटं कशाला सांगू?

पण हा शब्द कानावर पडला की मला वामनराव चिंचोळकर आठवतात, आणि त्यांच्यापाठोपाठ लीलाकाकू. एका माणसानं एका शब्दाचा इतका धसका घ्यावा हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आणि त्या धसक्याचं भाडं दुसऱ्याच माणसानं आयुष्यभर भरावं, हेही नाही.

छत्तीसगढ़चं नवं राज्य झालं तेव्हा मी आवास शाखेत कारकून म्हणून लागले. राजधानी झाली खरी, पण राजधानीला लागणारी घरं कुठे होती? भोपाळहून बदलून आलेली माणसं ट्रंका घेऊन नातेवाइकांकडे, धर्मशाळेत, मिळेल तिथे पडली होती. सरकारी क्वार्टर मोजके आणि अर्ज पोत्यानं. त्या सगळ्या अर्जांवर बसलेले बडे बाबू म्हणजे वामनराव. सगळं ऑफिस त्यांना बाबूजी म्हणायचं, मीही म्हणायला लागले. किडकिडीत बांधा, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर सदा एक आठी. चहाचा थर्मास घरून आणायचे आणि चहा पिताना खुर्ची फिरवून तोंड भिंतीकडे करायचे. का, तर समोरच्याला 'घेता का' म्हणावं लागू नये. एकदा चहा दिला की माणूस ओळखीचा झाला, असं त्यांचं शास्त्र होतं.

रुजू झाले त्याच दिवशी मी क्वार्टरचा अर्ज त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"आर्वी," मी म्हटलं.

"आर्वी!" कपाळावरची आठी एकदम गेली. "अवो, माझे मामा आर्वीचे. लहानपणी उन्हाळाभर आम्ही तिथंच राहो. बजाराच्या दिवशी मामा मले खांद्यावर घेऊन जाये."

दहा मिनिटं आम्ही आर्वीचा बाजार फिरलो. माझी एक आत्या त्यांच्या मामाच्या गल्लीतली निघाली. मी हवेत. संध्याकाळी घरी जाऊन नवऱ्याला म्हटलं, सामान बांधायला घ्या, बडे बाबू आपल्याकडचेच आहेत.

माझा नवरा रायपुरातच वाढलेला, बाबूजींची ख्याती आधीपासून ऐकून असलेला. तो म्हणाला, "तूने गाँव बता दिया? हो गया कल्याण."

दुसऱ्या दिवशी ते कल्याण मी डोळ्यांनी पाहिलं. नियमाप्रमाणे घर अर्जाच्या तारखेनं मिळायचं. पण राज्य नवं, सगळे एकदमच आलेले, एकेका तारखेचे अर्जांचे ढीग. त्या ढिगात वर कोण आणि खाली कोण, हे बाबूजींच्या हातात होतं. आणि बाबूजींची रीत अशी की ओळखीचा निघाला की त्याचा कागद तळाशी. गावाचा असेल तर तळाशी, जातीचा असेल तर त्याच्याही तळाशी, नात्यातला असेल तर बघायलाच नको. 'गाव कोणतं' हा प्रश्न ते त्यासाठीच विचारायचे. छत्तीसगढ़ी माणूस, बंगाली माणूस, सिंधी माणूस नुसतं नाव सांगून मोकळा व्हायचा. आमची माणसं मात्र, दोन वऱ्हाडी माणसं भेटली आणि गाव विचारलं नाही असं कधी झालंय का? वरुड, पुलगाव, हिंगणघाट, मोठ्या उत्साहानं सांगायचे. एवढ्यावर न थांबता मावशा, आत्या, साडभाऊ काढायचे आणि एकेका मावशीगणिक खाली खाली जायचे.

दाराबाहेर स्टुलावर समारू चपराशी बसायचा. पन्नाशीचा, मिशाळ, बाबूजींना पुरता ओळखून असलेला. त्याला बिचाऱ्यांची दया यायची. मराठी चेहरा दिसला की तो हळूच म्हणायचा, "तुमन नागपुर डहर के हव का? त झन बताहू." नागपूरकडचे असाल तर सांगू नका. पण ऐकतो कोण? त्यांना वाटायचं, हा चपराशी आपल्यावर जळतो.

मी एकदा न राहवून बाबूजींना विचारलं, "अहो, ओळखीच्या माणसाचा नंबर खरंच लागत असेल तर?"

"त लागन न बाप्पा. मी कुठं फाडून फेकतो? उशिरा लागन."

"पण हा अन्याय झाला ना?"

"हे पाह्य शैलाबाई," ते पेनाचं टोपण लावत म्हणाले, "वशिला म्हंजे काय? दुसऱ्याच्या नंबरावर आपला पाय. माझा पाय कोणाच्या नंबरावर पडला असं कोणी म्हणाले नाही पाह्यजे. आपण परमुलखात येऊन राहिलो. चिंचोळकर बाबू सारे घरं मराठ्यांले वाटून राहिला, असं उद्या पेपरात आलं तर?"

पेपरात त्यांचं नाव कधी आलं नाही, हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. म्हणजे त्यांच्या तळाशी किती माणसं घुसमटली हेही कधी पेपरात आलं नाही.

आता, लोक काही मूर्ख नसतात. वर्षा-दोन वर्षांत बाबूजींचं हे मीटर सगळ्यांना कळलं आणि रायपुरात एक नवाच धंदा सुरू झाला. आपलं काम करून घ्यायचं असेल तर बाबूजींना ओळखायचंच नाही, रस्त्यात दिसले तर मान फिरवायची. आणि दुसऱ्याचं काम बिघडवायचं असेल तर त्याच्यासाठी बाबूजींकडे शब्द टाकायचा!

एका चांगल्या क्वार्टरवर दोन इंजिनिअर टपलेले होते. एक गोळे साहेब अमरावतीचे, दुसरे तिवारीजी. तिवारीजी वस्ताद. त्यांनी काय करावं? नागपूरहून संत्र्यांची पेटी मागवली आणि गोळेंच्या नावाची चिठ्ठी लावून बाबूजींच्या घरी पुरानी बस्तीत पोचती केली. चिठ्ठीत काय लिहिलं होतं, तर 'आपल्या माणसाकडं जरा लक्ष असू द्यावं.' बाबूजी सकाळी ती पेटी स्वतः खांद्यावर घेऊन ऑफिसात आले, गोळेंच्या टेबलावर आपटली आणि गोळेंचा कागद तळाशी. गोळे ओरडून ओरडून सांगताहेत, मी नाही पाठवली हो! सगळ्या शाखेनं ती संत्री खाल्ली. तिवारीजींनी तर दोन जास्तच घेतली.

महिन्याभरानं खरं काय ते मला समारूकडून कळलं. मी बाबूजींना सांगितलं. मला वाटलं, हादरतील. ते म्हणाले, "पण मी तर गोळेले मदत नाही केली ना?"

"नाही. तिवारीला केली."

"तिवारीले मी ओळखत नाही," ते म्हणाले आणि कामाला लागले. त्यांच्या हिशेबी विषय संपला होता.

ऑफिसातलं हे सगळं हसून सोडून देता आलं असतं. पण बाबूजींचा हा कारभार घरीही चालायचा, आणि तिथे त्यांच्या तळाशी एकच माणूस होतं.

त्यांची बायको, लीलाकाकू. ठेंगणी, गोरी, बोलायला एकदम मोकळी. पुरानी बस्तीत एका देवळामागच्या बोळात दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या. जिना दगडी, उभा, बावीस पायऱ्यांचा. नळ खाली. लग्न होऊन आल्या तेव्हापासून काकू त्या बावीस पायऱ्या पाण्याची बादली घेऊन चढत होत्या. पोरगी भिलाईला दिली, दोघंच राहिले, पण पाणी लागायचंच. मी ओळखायला लागले तोवर काकूंचे गुडघे बोलायला लागले होते. एक पायरी, भिंतीला हात, थोडं थांबणं, मग पुढची. काकूंना जन्मात एकच गोष्ट हवी होती, खालच्या मजल्याचं घर, घरात नळ. बस. दागिना नको, तीर्थयात्रा नको.

आणि ज्याच्या हातून सगळ्या राजधानीला घरं मिळत होती, तो माणूस रोज रात्री त्यांच्याच हातची भाकर खात होता.

गंमत सांगते. आवास शाखा उघडली त्या दिवशी पहिला अर्ज बाबूजींचाच होता. काकूंनी मागे लागून, शेजारी बसून भरून घेतला होता. तारीख सगळ्यात जुनी, नोकरी सगळ्यात जुनी, नियमानं पहिला हक्क त्यांचा. आणि तो कागद कुठे? गठ्ठ्याच्या तळाशी. यादी संपत आली, कागद वर आला, की बाबूजी तो काढून पुन्हा तळाशी घालायचे. वर्षानुवर्षं त्याच्यावर बाकीच्या अर्जांचा भार पडून तो पिवळा झाला होता, कडा झिजल्या होत्या. माझा अर्ज त्याच्या बरोबर वर असायचा. तेवढाच मान.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पंगत असायची. वाढायला बाबूजी पुढे. एका वर्षी श्रीखंड होतं. बाबूजी ओळीनं वाढत आले, काकूंपाशी पोचले, आणि भांडं त्यांच्या पानावरून असं सरळ पुढे नेलं की मीच बघत राहिले. काकूंच्या शेजारी कुणी भिलाईच्या बाई होत्या, त्यांना दोन वाढण्या. परतीच्या फेरीत मिळेल म्हणून काकू थांबल्या. परतीच्या फेरीपर्यंत श्रीखंड संपलं.

"अवो," काकू भर पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या, "मी दुसऱ्याची बायको असते ना, तर आज वाटी भरून भेटलं असतं!"

सगळी पंगत हसली. बाबूजीही हसले. काकूही हसल्या, पण मी शेजारीच बसले होते. पुरीचा तुकडा त्यांनी नुसत्या भाजीला लावला आणि बराच वेळ तो हातातच होता. मी माझ्या पानातलं श्रीखंड त्यांच्या पानात लोटलं. त्यांनी ते बोटानं चाखलं आणि म्हणाल्या, "आंबट आहे थोडं."

बाबूजींच्या निवृत्तीला तीनेक वर्षं उरली असतील. त्यांच्या पोरीचं बाळंतपण आलं आणि दोघं आठ दिवस भिलाईला गेले. गठ्ठा माझ्या ताब्यात आला. त्याच आठवड्यात देवेंद्रनगरच्या बाजूला एक क्वार्टर रिकामा झाला. खालचा मजला. स्वयंपाकघरात नळ, मागे पेरूचं झाड.

मी कोणावर उपकार केला नाही. मी फक्त सगळे अर्ज तारखेनं लावले, नियमात लिहिलंय तसे. पिवळा कागद आपोआप पहिला आला. साहेबांनी सही केली, वर म्हणाले, "अरे, बाबूजी के पास अब तक मकान नहीं है?" मी ऑर्डरवर शिक्का मारला.

ते भिलाईहून परतले त्या सकाळी बाबूजी स्टेशनावरूनच परस्पर दौऱ्याच्या कामाला गेले, आणि मी ऑर्डर आणि किल्ली घेऊन पुरानी बस्तीत त्या बावीस पायऱ्या चढले. काकूंना हिंदी वाचता यायचं, पण त्यांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"खालचा मजला लिहिलं का त्याच्यात?"

"लिहिलंय, काकू."

"नळ?"

"नळाचं लिहीत नाहीत, पण आहे. मी पाहून आले."

"चाल मंग," त्या म्हणाल्या आणि तशाच निघाल्या, घरातल्या लुगड्यावर. रिक्षा करून गेलो. त्या रिकाम्या घरात काकू प्रत्येक खोलीत जाऊन आल्या. खाट कुठे, देव कुठे, नातू आला तर पाळणा कुठे, सगळं बोटानं दाखवलं. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. आधी नुसती हवा आली, मग गंजाचं लाल पाणी, मग स्वच्छ. काकूंनी त्याखाली हात धरला आणि बंदच करेनात.

"पाणी वाया जातंय काकू," मी म्हटलं.

"जाऊ दे न माय. आजच्या दिवस जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी बाबूजी दौऱ्यावरून थेट ऑफिसात आले. रजिस्टर उघडलं, आपलं नाव पाहिलं. मला वाटलं होतं ओरडतील. त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. एक कोरा कागद घेतला आणि आपल्या वळणदार अक्षरात आपल्याच विरुद्ध टीप लिहिली. ती मला अजून पाठ आहे. 'आवेदक इस शाखा का परिचित है, अतः आवंटन निरस्त किया जाना उचित होगा।' म्हणजे, अर्जदार या शाखेच्या ओळखीचा आहे, तेव्हा त्याला दिलेलं घर रद्द करावं.

"बाबूजी, तुमचा नंबर पहिला आहे! नियमानं पहिला आहे!"

"यादी कोणं केली?"

"मी."

"तू मले ओळखतेस का नाही?"

"ओळखते."

"मंग?" ते म्हणाले. "तूच सांग, लोकं काय म्हणतीन?"

"लोक म्हणतील, बरं झालं! काकूंचे गुडघे बघितलेत का कधी तुम्ही?"

त्यांनी टीप पुढे पाठवली. साहेबांनी डोक्याला हात लावला आणि सही केली. मला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. आजही येतो. हे लिहिताना येऊन राहिला आहे.

बाबूजींनी समारूकरवी घरी निरोप धाडला, आणि दुपारी काकू स्वतः ऑफिसात आल्या. कधी येत नसत. जिना उतरून, रिक्षा करून, भिंतीला धरत आमच्या शाखेपर्यंत. समारूनं स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत. बाबूजींच्या टेबलावर त्यांनी किल्ली ठेवली.

"घ्या. पुढच्याले द्या."

"लीला, हे पाह्य, लोकं..."

"मी काही म्हणलं का तुमाले?" काकू म्हणाल्या. "घर नको मले. वीस-पंचवीस वर्ष त्या पायऱ्या चढली, अजून चढीन. पण एक सांगा. या खुर्चीवर बसून इतके लोकं तुमी पाह्यले, त्याच्यात मी कोण होय तुमची?"

बाबूजी कागदाच्या कडा जुळवत बसले. कडा आधीच जुळलेल्या होत्या. काकू जशा आल्या तशा गेल्या.

क्वार्टर पुढच्या माणसाला गेला. कुणी मत्स्य विभागातले. पुढे कळलं की त्यांचं स्वतःचं दुमजली घर होतं आणि क्वार्टरमध्ये त्यांनी साळ्याला आणून ठेवला होता. मी मुद्दाम जाऊन बाबूजींना सांगितलं, जरा चवीनंच सांगितलं.

"असन," ते म्हणाले. "पण मी त्याले ओळखत नव्हतो ना?"

निवृत्तीचा समारंभ झाला. शाल, नारळ, घड्याळ. साहेब भाषणात म्हणाले, "बाबूजी ने पूरी नौकरी में कभी किसी अपने का काम नहीं किया." टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत काकू बसल्या होत्या. त्यांनीही वाजवल्या. बाबूजींचा ऊर भरून आला होता. इतका की त्या वाक्यात आपलं काय काय निघालं, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर मी बसले तेव्हा समारू आत येऊन म्हणाला, "अब चिन्ह सकथन न, मैडम?" आता ओळख दाखवायला हरकत नाही ना? तीन महिन्यांत माझा क्वार्टर लागला. नंबरानं लागला, तरी लोक म्हणालेच, बाईचा वशिला.

नंतर ऑफिसं एकेक करून नव्या रायपुरात गेली. मैलभर रुंद रस्ते आणि त्यावर एखादी बस. मीही निवृत्त झाले. बाबूजींकडे जाणं मात्र चालू राहिलं. ते वाळले होते, आठी तशीच होती. काकू आता महिनोन्‌महिने खाली उतरत नसत. पाण्याच्या बादल्या बाबूजी आणायचे, पंचाहत्तरीच्या पुढचा माणूस, एका वेळी अर्धी बादली. कधी जिन्यात भेटले तर बादली खाली ठेवून म्हणायचे, "व्यायाम होते." तिसऱ्या पायरीवर मात्र भिंतीला हात धरायचे, अगदी काकू धरत तसाच.

मग एके दिवशी त्यांचाच फोन आला. नव्या रायपुरात सरकारी योजनेतले फ्लॅट निघाले होते. खालच्या मजल्याचे थोडे होते, ते म्हाताऱ्या आणि अपंग माणसांना, जो आधी अर्ज देईल त्याला. त्या दिवशी अर्जांची खिडकी उघडणार होती. "तुमची गाडी आहे न, शैलाबाई," ते म्हणाले आणि थांबले. मागणं त्यांना जमत नव्हतं. मी म्हटलं, येते.

आम्ही लवकर निघणार होतो. पण काकूंना त्या बावीस पायऱ्या उतरायला पाऊण तास लागला. दर पायरीवर बसून, सरकून. बाबूजी एक पायरी खाली उभे राहून हात धरत होते. तिथे पोचलो तर खिडकीसमोर रांग पार दरवाजाबाहेर, उन्हात. फ्लॅट थोडे आणि म्हातारे फार. मी काकूंना सावलीतल्या बाकावर बसवलं. बाबूजी रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत अर्ज.

थोड्या वेळानं मी पाहिलं तर ते रांगेत नव्हते. रांग सोडून सरळ खिडकीपाशी गेले होते. मला वाटलं, काही चौकशी असेल. मी मागे जाऊन उभी राहिले.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. गळ्यातल्या पट्टीवर आडनाव, ठाकरे किंवा ठवरे असं काहीतरी, आपल्याकडचंच. बाबूजींनी चष्मा वर केला. खिडकीत वाकले. आणि मी त्यांच्या तोंडून तो प्रश्न पुन्हा ऐकला, इतक्या वर्षांनी, पण असा मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"गाव कोणतं तुमचं, बाई?"

मुलीनं मान वर केली. "जी? हाँ... पापा वर्धा के हैं."

"वर्धा! मी सेलूचा. जवळच." त्यांनी घाईनं पिशवीतून अर्ज काढला. "बेटा, ते तिथं बसली न बाकावर, ते माझी बायको होय. तिले चढता येत नाही. माझ्यामुळं झालं ते. आपलं माणूस समजून हा कागद जरा वर..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांना ते पुरं करता आलंच नाही. सवय नव्हती.

मुलगी वाईट नव्हती. तिनं बाकाकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मराठी तिला कळली होती, पण उत्तर हिंदीतच आलं. "अंकल, मैं समझ रही हूँ. पर सब ऐसे ही हैं यहाँ. पहचान से करूँगी तो पीछे वाली दादी का क्या होगा? आप लाइन में आ जाइए, प्लीज़."

बाबूजी ताठ झाले. मला वाटलं, आता म्हणतील, शाब्बास पोरी. म्हणायला हवं होतं, त्यांचीच तर शिकवण. पण त्यांनी अर्ज पिशवीत घातला, घडी नीट केली आणि बाकापाशी आले. रांगेतली त्यांची जागा केव्हाच गेली होती. शेवट आता आणखी लांब होता.

काकू सगळं बघत होत्या. ऐकू मात्र गेलं नव्हतं.

"काय झालं वो?"

"काही नाही. रांगेत लागा म्हणते."

"तुमी काहून गेले मंग तिथं? काय विचारलं?"

"काही नाही म्हणलं न."

"विचारलं तुमी. गाव विचारलं तिले. माझ्यासाठी विचारलं?"

"मंग काय समारूसाठी?" ते एकदम खेकसले. काकू त्यांच्याकडे बघतच राहिल्या. त्यांच्या तोंडावर जे काही आलं ते त्यांनी त्या रिकाम्या घरात नळाखाली हात धरला होता तेव्हा मी पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

"काय म्हणले तिले?" काकूंनी हळूच विचारलं.

बाबूजींनी आधी इकडे पाहिलं, मग तिकडे. कुणी ओळखीचं ऐकत नाही ना, याची खात्री केली. मी ऐकत होते, पण मला आता ते ओळखीतलं धरत नसावेत.

"म्हणलं, आपलं माणूस होय," ते म्हणाले, आणि उन्हात जाऊन रांगेच्या शेवटी उभे राहिले.